कामाच्या मापाचे प्रशिक्षण : फोंडा तालुक्यातील एका औषध कारखान्याचे प्रकरण

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका औद्योगिक वसाहतीत गोळ्या तयार करून त्या ब्लिस्टरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या खळग्यांवर फॉइल चिकटवलेल्या पाकिटात, बंद करणारा एक औषध कारखाना आहे. त्याच्या पॅकिंग विभागाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी काही वर्षे माझ्याकडे होती आणि येथे मांडलेले प्रकरण त्याच काळातले आहे. कारखान्याचे किंवा माणसांचे नाव मी देत नाही. प्रत्येकाची ओळख त्याच्या कामावरून दिली आहे, कारण या प्रकरणात कोण नेमके काय काम करतो हाच कळीचा मुद्दा होता.

प्रश्न असा होता : एका विभागातल्या सगळ्यांना सारखेच प्रशिक्षण देण्याऐवजी ज्याचे जे काम, त्याला त्या कामाचे प्रशिक्षण दिले, तर काम सुधारते का, आणि माणसाला त्या कामात स्वतःचे काही सुचू लागते का? पहिल्या भागाचे उत्तर बहुतेक जण गृहीत धरतात. दुसऱ्या भागाबद्दल व्यवस्थापनात एक शंका असते आणि ती मलाही होती. माणसाला त्याच्याच कामात बांधून टाकले की त्याची नजर आखडते, नवे सुचण्यासाठी त्याला मोकळे, सर्वसाधारण, विचारांना चालना देणारे प्रशिक्षण हवे, असे मी मानत असे. पुढे जे घडले त्याने ही शंका बहुतांशी दूर झाली, पण एका ठिकाणी ती खरीही ठरली.

विभाग आणि जुनी पद्धत

विभागात ब्लिस्टर मशीनच्या चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीवर मशीनचा ऑपरेटर, गोळ्या हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या वरच्या नरसाळ्यासारख्या भांड्यात, ओतणारा मदतनीस, पट्ट्यावरून येणारी ब्लिस्टर डोळ्यांनी तपासणाऱ्या तीन-चार महिला, कार्टन भरणारे कामगार आणि या सगळ्यांवर पाळीचा पर्यवेक्षक, अशी रचना होती. गुणवत्ता विभागाचा तपासनीस ठरावीक अंतराने येऊन नमुने घेत असे. ऑपरेटर बहुतेक आयटीआय झालेले, सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतले, काही दोडामार्गहून कंपनीच्या बसने येणारे होते. मजल्यावरची भाषा कोकणी आणि मराठी. कामाच्या लेखी कार्यपद्धती, ज्यांना सगळे एसओपी म्हणतात, त्या मात्र इंग्रजीत, आणि बाहेरून येणारे प्रशिक्षक बहुधा हिंदीत बोलणारे.

प्रशिक्षणाचे वर्षाचे कॅलेंडर जानेवारीत लागत असे. उत्तम उत्पादन पद्धती, वैयक्तिक स्वच्छता, आग विझवणे, नोंदींची सचोटी, आणि वर्षातून एकदा ‘सर्जनशील विचार’ या विषयावर दिवसभराची कार्यशाळा. कॅन्टीनमधल्या खुर्च्या एका दिशेला वळवून सगळ्यांना एकत्र बसवले जाई. शेवटी दहा प्रश्नांचा कागद, त्यात सगळे उत्तीर्ण, आणि उपस्थितीपत्रकावर सही. याशिवाय प्रत्येक पदाला लागू असलेल्या एसओपींची यादी होती. त्या वाचून ‘वाचले व समजले’ या रकान्यात सही करायची, म्हणजे त्या पदाचे प्रशिक्षण पूर्ण.

ही यादी महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे आमचे प्रशिक्षण पदाशी जोडलेले आहे असे कागदोपत्री दिसत होते. औषध उद्योगाचे नियमही तेच मागतात. अमेरिकेच्या औषध नियमावलीतील 211.25 हे कलम सांगते की प्रशिक्षण हे कर्मचारी प्रत्यक्ष करीत असलेल्या विशिष्ट क्रियांचे असले पाहिजे. नेमून दिलेल्या कामाला साजेसे प्रशिक्षण द्यावे आणि त्याचा प्रत्यक्ष परिणाम वेळोवेळी तपासावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही म्हणतात. भारतात 28 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या अटी सांगणारे नियमांचे परिशिष्ट, आला, तेव्हापासून औषधाच्या गुणवत्ता व्यवस्थेवर आणि जोखमीच्या विचारावर अधिक भर आला आहे. नियमात कमतरता नव्हती. ‘प्रत्यक्ष करीत असलेली क्रिया’ आणि ‘त्या पदाची कागदांची यादी’ या दोन गोष्टी आम्ही एकच मानल्या, चूक तिथे होती.

कॅन्टीनच्या दाराशी एक सूचनापेटी होती. तिच्यात चिठ्ठ्या येत असत : बसची वेळ, जेवणातला भात, कपडे बदलण्याच्या खोलीतला पंखा. या तक्रारी रास्त होत्या आणि त्यांची दखल घ्यायलाच हवी होती. पण मशीनबद्दल, गोळीबद्दल, कामाच्या पद्धतीबद्दल एकही चिठ्ठी आल्याचे मला आठवत नाही. सर्जनशीलतेच्या कार्यशाळेनंतरच्या आठवड्यातही नाही.

एकाच माणसाचे तिसरे पुनःप्रशिक्षण

पावसाळ्यात एका ओळीवर गळती चाचणीत ब्लिस्टर नापास होऊ लागली. ही चाचणी सोपी असते. ब्लिस्टर मिथिलीन ब्ल्यूच्या निळ्या द्रावणात बुडवून भांड्यातली हवा ओढून घेतात, काही वेळाने हवा परत सोडतात आणि ब्लिस्टर पुसून उघडतात. ज्या खळग्यात निळा रंग शिरला, तिथे फॉइल नीट चिकटलेले नाही. गोव्याच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की अशा खळग्यातली ओलावा शोषणारी गोळी खराब होण्याचा धोका खराच असतो.

प्रत्येक वेळी विचलनाचा, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळे घडल्याचा, अहवाल लिहिला गेला आणि प्रत्येक वेळी कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ व उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला पुनःप्रशिक्षण’ असे आले. पुनःप्रशिक्षण मीच देत होतो. म्हणजे तीच एसओपी पुन्हा वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. तिसऱ्या वेळी तो ऑपरेटर सही करण्यापूर्वी थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, ह्या कागदावर काय लिहिलंय ते मला पाठ आहे. रोलर आतून कसा तापतो, ते कोणी सांगेल काय?’’

रोलर म्हणजे फॉइल तापवून फिल्मवर दाबणारा मशीनचा भाग. मला ते सांगता आले नाही. सात वर्षे त्या मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला कारखान्याने कधीही तो रोलर उघडून दाखवला नव्हता, आणि त्याला तीन वेळा शिकवणाऱ्या मलाही तो कधी दाखवला गेला नव्हता. या प्रकरणाची सुरुवात मी या प्रश्नापासून धरतो.

पहिला प्रयत्न फसला

प्रशिक्षण कामाशी जुळवायचे ठरले, तेव्हा आम्ही सर्वांत सोपा मार्ग घेतला. मनुष्यबळ विभागाच्या फायलीतली पदांची वर्णने काढली आणि त्यांवरून प्रत्येक पदाचा स्वतंत्र अभ्यासक्रम केला. दोन महिने वर्ग झाले. बदल जवळपास काहीच दिसला नाही.

कारण शोधताना लक्षात आले की ती वर्णने कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यासाठी कधीतरी लिहिलेली होती. पर्यवेक्षकाच्या वर्णनात उत्पादनाचे नियोजन आणि कागदपत्रांची पडताळणी ही मुख्य कामे होती. त्याचा प्रत्यक्ष दिवस मात्र सकाळी सात वाजता कोण आले, कोण नाही हे पाहण्यात, कंत्राटदाराकडून आलेल्या माणसांना ओळींवर वाटण्यात आणि गुणवत्ता विभागाने थांबवलेली ओळ पुन्हा सुरू करून घेण्यात जात होता. आम्ही त्याला ज्या कामाचे शिक्षण दिले ते काम तो करतच नव्हता.

प्रशिक्षणाची गरज कशी ठरवावी याची मांडणी मॅकगी आणि थेअर या अभ्यासकांनी 1961 मध्येच करून ठेवली आहे : आधी संस्था पाहावी, मग काम पाहावे, मग ते काम करणारी व्यक्ती पाहावी. आम्ही मधली पायरी फायलीत बसून ओलांडली होती. म्हणून मी आणि देखभाल विभागातला एक जुना फिटर असे दोघे दोन आठवडे दोन्ही पाळ्यांत मजल्यावर उभे राहिलो. कोण काय करतो, कोणत्या क्षणी त्याला निर्णय घ्यावा लागतो, तो निर्णय चुकला तर काय बिघडते आणि हे त्याला कोणी शिकवले, एवढ्याच चार गोष्टी आम्ही लिहीत गेलो. चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘बाजूच्या माणसाने’ असे उत्तर आले.

ऑपरेटर

ब्लिस्टरचे फॉइल किती घट्ट चिकटते ते तीन गोष्टींवर ठरते : रोलरचे तापमान, त्याचा दाब आणि फॉइल त्या दाबाखाली किती वेळ राहते तो अवधी. अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या एका बाजूला उष्णतेने चिकटणारा लॅकरचा थर असतो. तो पुरेसा मऊ झाला तरच खालच्या पीव्हीसी फिल्मला धरतो. मशीनचा वेग वाढवला की अवधी कमी होतो. हे एवढे सूत्र ऑपरेटरांना कधी सांगितले गेले नव्हते. एसओपीत तापमानाची मर्यादा होती, वेगाची मर्यादा होती, पण त्या दोन आकड्यांचे एकमेकांशी नाते नव्हते.

नवा अभ्यासक्रम मशीनपाशीच घेतला. देखभालीसाठी मशीन बंद असलेल्या दिवशी फिटरने रोलर काढून ऑपरेटरांसमोर टेबलावर ठेवला. आतला हीटर कुठे, तापमान मोजणारा संवेदक कुठे, कडा मध्यापेक्षा आधी का थंड होतात, हे त्याने मराठीत, मधूनमधून कोकणीत समजावले. जाणूनबुजून कमी तापमानावर, मग जास्त वेगावर थोडी ब्लिस्टर काढली, ती निळ्या द्रावणात टाकली आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने उघडून पाहिली. ही सगळी ब्लिस्टर चाचणीच्या मालाची होती आणि नंतर नोंद करून नष्ट केली. एकूण वेळ गेला तो जुन्या कार्यशाळेच्या एका दिवसाइतकाच.

पुढच्या काही आठवड्यांत तोच ऑपरेटर नापास ब्लिस्टर जपून ठेवू लागला. त्याने दोन गोष्टी दाखवल्या. निळा रंग बहुतेक वेळा कडेच्या ओळींतल्या खळग्यांत शिरत होता, आणि नापास नमुने वीज जाऊन आल्यानंतरच्या मालात जास्त होते. पावसाळ्यात वसाहतीत वीज वारंवार जाते. जनरेटर सुरू व्हायला काही क्षण लागतात, तेवढ्यात मशीन थांबते आणि रोलर फॉइलपासून वर उचलला जातो. पुन्हा सुरू करताना पडद्यावरचे तापमान लवकर पूर्वपदावर येते, कारण संवेदक मध्यभागी आहे, पण कडा अजून मागे असतात. त्यातच गेलेला वेळ भरून काढण्यासाठी वेग वाढवण्याची सगळ्यांना सवय होती. कडा थंड आणि अवधी कमी, दोन्ही एकाच वेळी.

त्याची सूचना अशी होती की वीज गेल्यानंतर मशीन सुरू करताना पडद्यावरचा आकडा आल्यावरही ठरावीक वेळ थांबावे, पहिला माल बाजूला काढावा, कडेच्या खळग्यांची गळती चाचणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये आणि त्या तासात वेग वाढवू नये. ‘मानवी चूक’ म्हणून ज्याच्या नावावर तीन नोंदी होत्या, त्या माणसाने हे शोधून काढले. या गोष्टीबद्दल मला आजही त्याच्यापुढे संकोच वाटतो.

ही सूचना अमलात यायला वेळ लागला आणि तो लागणे योग्यच होते. औषध कारखान्यात सर्जनशीलतेचा अर्थ इतर ठिकाणांपेक्षा वेगळा आहे. ऑपरेटरने स्वतःच्या मनाने पद्धत बदलली, भले ती चांगली असली, तरी तो नियमभंग आहे, कारण त्या मालाची गोळी कोणाच्या तरी घरी जाणार असते. तेव्हा कल्पना सुचणे, ती पुराव्यासह मांडणे आणि बदल नियंत्रणाच्या, म्हणजे प्रत्येक बदल अर्ज करून तपासून घेण्याच्या, मार्गाने मंजूर होईपर्यंत जुन्याच पद्धतीने काम करणे, या तिन्ही गोष्टी मिळून येथे कल्पकता होते. प्रशिक्षणात आम्ही हा भाग सुरुवातीला घेतला नव्हता. पुढच्या प्रसंगाने तो घ्यायला लावला.

तपासणी करणाऱ्या महिला आणि ओतणारा मदतनीस

पट्ट्यावरची ब्लिस्टर डोळ्यांनी तपासण्याचे काम बाहेरून एकसुरी दिसते, म्हणून त्याला प्रशिक्षणाची गरज नाही असे मानले जात असे. प्रत्यक्षात ते फार अवघड आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या घड्याळाच्या प्रयोगांत असे दिसले होते की क्वचित येणाऱ्या खुणेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाची अचूकता पहिल्या अर्ध्या तासातच घसरू लागते. आमच्याकडे त्या एका जागी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसत.

त्यांच्यासाठी आम्ही दोषांचा एक संच तयार केला : कडा उडालेली गोळी, थर सुटलेली गोळी, काळा ठिपका, रिकामा खळगा, फॉइलची सुरकुती, पुसट झालेला बॅच क्रमांक. गुणवत्ता विभागाने सही केलेले खरे नमुने, त्यांत मिसळलेले निर्दोष नमुने, आणि प्रत्येक दोष कोणत्या यंत्रावर, कशामुळे निर्माण होतो याची माहिती. बसण्याच्या जागा अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलण्याची पद्धतही मंजूर करून घेतली.

दोष कुठून येतो हे सांगणे आवश्यक आहे की नाही, यावर आमच्यात वाद झाला होता. तपासणाऱ्या बाईने दोष ओळखून बाजूला काढावा, कारणाशी तिला काय करायचे, असे एका वरिष्ठांचे मत होते. मी ते मानले नाही, आणि ते न मानल्याचा फायदा झाला. सर्वांत जुन्या तपासनीस ताईंनी थोड्याच दिवसांत एक रिकामा कार्टन मधून पुठ्ठे लावून तीन भागांत विभागला आणि बाद माल दोषानुसार वेगळा टाकायला सुरुवात केली. तोवर सगळा बाद माल एकाच डब्यात जाई आणि पाळीच्या शेवटी फक्त मोजला जाई. गुणवत्ता विभागाने तो कार्टन लगेच काढायला लावला, कारण उत्पादनक्षेत्रात नोंद नसलेले, लेबल नसलेले भांडे ठेवता येत नाही. ताई दुखावल्या. दोन दिवस त्या फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या.

त्या दोन दिवसांत ही कल्पना कायमची गेली असती. गुणवत्ता विभागाच्या तपासनिसाने मात्र स्वतः येऊन सांगितले, ‘‘ताई, विचार बरोबर आहे, फक्त रीतीने आणू या. अर्ज मी लिहितो, तुम्ही सांगा.’’ पुढे लेबल लावलेले, धुता येणारे तीन ट्रे आले. ते आल्यावर दिसले की कडा उडालेल्या गोळ्या दिवसभर सारख्या प्रमाणात येत नाहीत. नवा डबा हॉपरमध्ये ओतला की लगेच त्या वाढतात आणि मग कमी होतात.

म्हणजे दोष ओतण्याच्या क्रियेत होता, आणि ओतणारा मदतनीस हा कंत्राटदाराचा माणूस. स्वच्छतेच्या नियमांपलीकडे त्याला काहीही शिकवलेले नव्हते, कारण कॅलेंडरमध्ये फक्त कायम कर्मचारी होते. त्याला अर्ध्या तासात, त्याला कळणाऱ्या हिंदीत, गोळी उंचावरून पडली की कडेला कशी फुटते ते दाखवले. तो लगेच म्हणाला की हॉपर त्याच्या खांद्याच्या वर येतो, डबा वर धरून उलटा करावा लागतो, पायाखाली उंच पायरी दिली तर डब्याचे तोंड हॉपरच्या तोंडाशी नेता येईल. पायरी बनवायला वर्कशॉपला एक दिवस लागला.

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने लिहिला आहे. पायरीची कल्पना कोणत्याही अभियंत्याला सुचू शकली असती, पण सुचली नव्हती, कारण अभियंता तो डबा उचलत नाही. मदतनीसाला खांद्याचा त्रास आधीपासून ठाऊक होता. त्या त्रासाचा आणि गोळीच्या उडालेल्या कडेचा संबंध त्याला ठाऊक नव्हता. कामाचे प्रशिक्षण मिळाल्यावर त्याच्याजवळचे जुने ज्ञान आणि हे नवे ज्ञान एकत्र आले.

हे का घडले

माझ्या मते येथे तीन कारणे आहेत. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1901 मध्ये दाखवले की एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे उपयोगी पडते ते दोन्ही ठिकाणी समान घटक असतील तेवढेच. कॅन्टीनमधल्या सर्जनशीलतेच्या खेळांत आणि ब्लिस्टर मशीनमध्ये समान असे जवळपास काही नव्हते, म्हणून ते शिक्षण कॅन्टीनमध्येच राहिले. टेबलावर ठेवलेला रोलर आणि मशीनमधला रोलर एकच होता.

दुसरे कारण सर्जनशीलतेच्या अभ्यासक टेरेसा अमाबिले यांच्या मांडणीतून नीट समजते. त्यांच्या मते सर्जनशीलतेला त्या क्षेत्राचे कौशल्य, नव्या दिशेने विचार करण्याची सवय आणि कामाविषयीची आतली ओढ, असे तिन्ही घटक लागतात. आम्ही वर्षानुवर्षे फक्त दुसऱ्या घटकावर खर्च करीत होतो. ऑपरेटरची ओढ तर उघड होती, तीन वेळा ठपका येऊनही त्याने कुतूहलाने प्रश्न विचारला. कमी होते ते क्षेत्राचे ज्ञान.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. टिअर्नी आणि फार्मर यांनी 2002 मध्ये सर्जनशील आत्मविश्वासावर, म्हणजे ‘मला नवे काही सुचू शकते’ या विश्वासावर अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्या कामाविषयीचा आत्मविश्वास, कामाची गुंतागुंत आणि पर्यवेक्षकाचे वागणे यांचा त्या विश्वासाशी संबंध त्यांना आढळला. ताईंनी आधी कधी सूचना का केली नाही असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘चुकीचं बोलले तर? आम्ही काय इंजिनिअर?’’ दोष कशाने होतो हे कळल्यावर त्यांना बोलण्यासाठी पाय ठेवायला जागा मिळाली.

काय जमले नाही

पर्यवेक्षकांच्या बाबतीत दुसऱ्या प्रयत्नानंतरही यश अर्धेच आले. त्यांच्या खऱ्या कामाला धरून आम्ही माणसे कमी असताना ओळी कशा चालवायच्या आणि सूचना घेऊन आलेल्या कामगाराला काय उत्तर द्यायचे, याचा सराव घेतला. तो त्यांना आवडला. पण चवथीच्या आधीच्या आठवड्यात, अर्धी माणसे रजेवर आणि माल पाठवण्याची घाई असताना, सगळे पुन्हा जुन्या वळणावर गेले. वीज गेल्यानंतर थांबण्याचा नियम मंजूर होऊनही एका पाळीत थांबण्याचा वेळ कमी केला गेला आणि ते नोंदीत सापडले. बाल्डविन आणि फोर्ड यांनी 1988 मध्ये प्रशिक्षण कामात उतरण्यासाठी शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कामाचे वातावरण असे तीन आधार सांगितले आहेत. त्यातला तिसरा आधार माझ्या हातात नव्हता. पाळीचे लक्ष्य जुनेच होते. थांबण्यात गेलेली मिनिटे पर्यवेक्षकाच्या नावावर तोटा म्हणून लागत होती, आणि त्याला दोष देणे मला न्यायाचे वाटत नाही. ती मिनिटे लक्ष्यातून वजा करण्याचा निर्णय झाला, तेव्हाच तो नियम टिकला.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न आणखी कठीण आहे. कामाशी जुळवलेले प्रशिक्षण हे काम स्थिर असेल तरच अर्थपूर्ण ठरते. आज हॉपर, उद्या कार्टन, परवा गोदाम, अशी रोज बदलणारी नेमणूक असलेल्या माणसाला कोणत्या कामाचे शिक्षण द्यायचे? पायरी सुचवणारा मदतनीस काही महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात पाठवला गेला. पायरी राहिली, पण ती कशासाठी आहे हे पुढच्या माणसाला सांगणारे कोणी नव्हते, आणि काही दिवस ती भिंतीशी पडून होती.

माझी मूळ शंका खरी ठरली ती येथे. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येकाला फक्त त्याचे काम शिकवले आणि ते इतके काटेकोर केले की ऑपरेटरला पुढच्या कार्टन मशीनचे काही कळत नव्हते. फॉइलची सुरकुती ऑपरेटरच्या दृष्टीने किरकोळ, पण तीच पुढे कार्टन मशीनमध्ये ब्लिस्टर अडकवते, हे दोघांना एकमेकांकडून कधी समजले नाही. उपयोगाच्या सूचना कुठे निघाल्या हे मागे वळून पाहिले, तर ओतणे आणि भरणे, भरणे आणि तपासणे, अशा दोन कामांच्या सांध्यावर त्या निघाल्या होत्या. म्हणून दुसऱ्या वर्षी प्रत्येक अभ्यासक्रमात आपल्या आधीच्या आणि नंतरच्या जागेवर प्रत्येकी एक पाळी उभे राहून पाहण्याचा भाग घातला. सगळ्यांना सगळे शिकवणे हा त्याचा हेतू नव्हता. आपल्या हातून गेलेली वस्तू पुढच्या हातात कशी पोहोचते, हे पाहणे हादेखील आपल्या कामाचाच भाग आहे, असे आम्ही ठरवले.

श्रेयाबद्दल

गळतीच्या तक्रारी कमी झाल्या, बाद मालातले कडा उडालेले प्रमाण उतरले आणि सूचनापेटीऐवजी बदल नियंत्रणाच्या अर्जांवर पॅकिंगच्या कामगारांची नावे ‘सुचवणारा’ म्हणून दिसू लागली. मात्र हे सगळे प्रशिक्षणामुळे झाले असे मी म्हणणार नाही. त्याच काळात त्या ओळीच्या रोलरचे बेअरिंग बदलले गेले, हवेतला ओलावा काढणाऱ्या यंत्रणेची मोठी दुरुस्ती झाली, आणि गुणवत्ता विभागात अर्ज लिहून देण्याची तयारी असलेला तो एक तपासनीस होता. बेअरिंग बदलूनही कडेचे खळगे का गळतात हे कळले नसते, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

सरकारी सेवांतही हाच विचार आता धोरण म्हणून आला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2020 मध्ये मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्षमताविकासाच्या कार्यक्रमाचा गाभा नियमाधारित व्यवस्थेकडून भूमिकाधारित व्यवस्थेकडे जाणे हा आहे, आणि त्यासाठी प्रत्येक जागेची भूमिका, कृती आणि त्याला लागणारी क्षमता लिहून काढण्याची चौकट केली आहे. ती चौकट भरणाऱ्यांनी फायलीतून भरू नये, टेबलापाशी उभे राहून भरावी, एवढी विनंती माझ्या फसलेल्या पहिल्या प्रयत्नाच्या आधारे मी करीन.

आमच्याकडे सध्याची व्यवस्था अशी आहे. ‘वाचले व समजले’ हा रकाना राहिला आहे, कारण नियमांना नोंद लागते, पण त्याच्या शेजारी ‘करून दाखवले’ असा दुसरा रकाना आला आहे आणि तिथे सही शिकणाऱ्याची नसून पाहणाऱ्याची असते. एसओपींच्या मराठी आवृत्त्या चार ओळींपैकी दोन ओळींसाठी तयार आहेत. कंत्राटी मदतनीसाला किमान तीन महिने एकाच जागी ठेवावे, असा प्रस्ताव कंत्राटदारासमोर आहे आणि त्याचे उत्तर यायचे आहे. हॉपरशेजारच्या पायरीवर आता एक चित्र लावले आहे : डब्याचे तोंड कुठे धरायचे, आणि उंचावरून ओतले तर गोळीचे काय होते. ते चित्र ताईंच्या ट्रेमधल्या खऱ्या गोळीवरून काढले आहे. रोलरचा वर्ग ऑपरेटरांच्या नव्या तुकडीला पुढच्या जूनच्या आधी द्यायचा आहे, आणि तो फिटरच्या बरोबरीने तोच ऑपरेटर घेणार आहे.